मिस्टरांची रातपाळी आणि हृदयातलं घड्याळ

पत्र : डॉक्टर, नमस्कार. आम्ही चाकणजवळ राहतो. माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, १७ वर्षं एका कारखान्यात मशीनवर आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, ॲम्लोडिपिन ५, सकाळी. नाइटला झोप येऊ नये म्हणून तंबाखू मळतात. माझे सासरे ५३ व्या वर्षी पहाटे साडेपाचला हार्ट अटॅकने गेले, तेही शिफ्टमध्येच होते. मागच्या महिन्यात दिरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. शरीरात ‘घड्याळाचे जीन्स’ असतात, ते बिघडले की अटॅक येतो आणि ते घराण्यात उतरतात, असं त्यात होतं. १६ हजारांत टेस्ट होते म्हणे. तेव्हापासून हे नाइटला असले की मला पहाटे जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. टेस्ट करावी का? गोळी रात्री द्यावी का? नोकरी सोडायला सांगावं का? घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी दहावीला आहे.

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी त्या १६ हजारांचं बोलू. ते खर्च करू नका. कारण खाली सांगतेच, पण हे पत्र वाचता वाचता कोणी टेस्टचा फॉर्म भरायला बसलं असेल तर हात थांबावा म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

व्हिडिओत सांगितलं ते सगळं खोटं नाही. शरीरात घड्याळ आहे आणि ते जीन्सनी, म्हणजे आईबापांकडून पेशीत आलेल्या सूचनांनी चालतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. आपल्या अंगणातलं लाजाळू रात्री पानं मिटतं आणि सकाळी उघडतं. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असं एक झाड अंधाऱ्या जागी ठेवलं, तर ऊन नसतानाही पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे वेळ बाहेरून कळत नव्हती, झाडाच्या आतच होती. ती नेमकी कुठे असते हे कळायला मात्र पुढे जवळजवळ अडीचशे वर्षं गेली. १९७१ मध्ये अमेरिकेत कोनोप्का आणि बेन्झर यांना केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांसारख्या माश्यांमध्ये एक जीन सापडला. तो एका तऱ्हेने बिघडला की माशीचा दिवस १९ तासांचा व्हायचा, दुसऱ्या तऱ्हेने बिघडला की २८ तासांचा, आणि तिसऱ्या तऱ्हेने बिघडला तर दिवस-रात्रीचा काही मेळच राहायचा नाही. त्या जीनचं नाव ‘पिरियड’. त्याचं काम कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं.

हे काम समजून घ्यायला तुमच्या घरचंच उदाहरण पुरेल, कारण पेशीतसुद्धा पाळ्या चालतात. ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ ही पहिल्या पाळीतली जोडी. ती कामावर आली की पुष्कळ जीन्स चालू करते, आणि त्यांतच ‘पिरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ हे दोन असतात. या दोघांची प्रथिनं तासन्‌तास साठत जातात, पुरेशी झाली की पेशीच्या केंद्रात शिरतात आणि ज्या जोडीने त्यांना घडवलं तिचंच काम बंद पाडतात. मग हळूहळू त्यांचा स्वतःचा साठा झिजतो, अडसर निघतो आणि पहिली जोडी पुन्हा मशीनवर येते. या एका फेऱ्याला साधारण २४ तास लागतात. तुमच्या-माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हे चालू आहे.

मेंदूत दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे वर मोहरीच्या दाण्याएवढा एक पुंजका आहे, सुमारे २०,००० पेशींचा. ते मुख्य घड्याळ. ते उजेडावरून आपली वेळ जुळवतं. पण हृदयाच्या स्नायूत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, यकृतात आपापली घड्याळं आहेत आणि ती उजेडाबरोबरच जेवणाच्या वेळेकडेही बघतात. उजेड एक वेळ सांगतो आणि जेवणाचा डबा दुसरी, तेव्हा घड्याळांचं आपसात बिनसतं. रातपाळीत नेमकं हेच होतं.

यावरचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. हॅमस्टर म्हणजे उंदरासारखा गुबगुबीत प्राणी. १९८८ च्या सुमारास एका नर हॅमस्टरमध्ये अगदी योगायोगाने घड्याळाच्या जीनमधला एक बदल सापडला. त्याच्या वंशात ज्यांना हा बदल आई किंवा बाप, एकाच बाजूने मिळतो, त्यांचा आतला दिवस २२ तासांचा असतो. २००८ मध्ये अशा हॅमस्टरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या २४ तासांच्या उजेड-अंधारात ठेवलेल्या प्राण्यांचं हृदय आजारलं, त्याच्या स्नायूत तंतू माजले, मूत्रपिंडं खराब झाली. आता कोणीही म्हणेल, जीनच खराब, प्राणी तरी काय करणार? पण त्याच जातीच्या प्राण्यांना ११ तास उजेड आणि ११ तास अंधार, असा २२ तासांचा दिवस दिला, तर त्यांची हृदयं चांगली राहिली. जीन तोच, बदललेलाच. रोग येत होता तो आतला दिवस आणि बाहेरचा दिवस जुळत नव्हता म्हणून.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या प्रयोगात आहे, ताई. तुमच्या मिस्टरांचे घड्याळाचे जीन्स बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच असतील. त्यांच्या हृदयाला ताण पडतोय तो दर आठवड्याला दिवस पालटतो त्याचा. जीन बदलता येत नाही, पण हा ताण बराच कमी करता येतो.

म्हणूनच ती टेस्ट नको. उंदरांच्या हृदयातला बीमॅल-१ पूर्ण काढून टाकला की हृदय फुगतं, कमजोर होतं आणि ते लवकर मरतात, हे खरं आहे. पण तो जीन मुळासकट काढलेला असतो. माणसांत या जीन्समधले जे लहानसहान फरक सापडतात, त्यांवरून ‘यांना अटॅक येणार, त्यांना नाही’ असं आज कोणताही हृदयरोगतज्ज्ञ सांगत नाही. आणि समजा रिपोर्टमध्ये काही निघालंच, तर औषध काय देणार? मी जे पुढे लिहिणार आहे तेच. मग १६ हजार कशाला?

सासऱ्यांची गोष्ट मात्र मी हलक्यात घेत नाही. सख्ख्या वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर त्याला घराण्याचा धोका धरतात आणि मुलाकडे लवकर आणि नीट बघतात. पण त्या धोक्यात कोलेस्टेरॉल येतं, साखर येते, बीपी येतं आणि बापाकडे बघून लागलेला तंबाखूही येतो. तेव्हा मिस्टरांची उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉलची लिपिड प्रोफाइल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि ईसीजी करून घ्या. आयुष्यात एकदाच लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या चरबीच्या कणाची तपासणी करा. त्याचं प्रमाण खरोखर घराण्यात उतरतं आणि त्याचा हृदयाशी संबंध पक्का आहे. हे सगळं मिळून १६ हजारांच्या पुष्कळ आत बसेल.

आता पहाटेबद्दल. तुमची झोप त्या साडेपाचच्या आठवणीने उडते, हे पत्रात दिसतंय. १९८५ साली अमेरिकेत सुमारे ३,००० रुग्णांचा अटॅक सुरू होण्याची वेळ तपासली गेली. सकाळी नऊच्या आसपास तो रात्री अकराच्या तिप्पट होता. पुढे अनेक ठिकाणी पहाट ते दुपार हाच काळ जास्त जोखमीचा दिसला. कारणं बरीच कळली आहेत. जाग येण्याआधीच कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढू लागतं, उठून उभं राहिलं की ॲड्रेनलिन वाढतं, बीपी वर जातं, गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात. शिवाय रक्ताची गुठळी विरघळवण्याचं जे काम शरीर सतत करत असतं, त्याला अडवणारं पीएआय-१ नावाचं प्रथिन सकाळी सगळ्यात जास्त असतं, आणि त्याच्या चढउतारात क्लॉक-बीमॅल जोडीचा थेट हात आहे. पण पहाट निरोगी हृदयाला काही करत नाही. सासऱ्यांच्या नसेतला अडथळा वीस-पंचवीस वर्षं साचत आला असणार. पहाटेने त्याला शेवटचा धक्का दिला. मिस्टरांच्या बाबतीत ते साचणं थांबवायचं काम आज, दिवसाढवळ्या करायचं आहे. तुम्ही पहाटे जागून ते होणार नाही.

गोळीबद्दल. रात्री घेतली तर जास्त फायदा, असा मध्यंतरी बराच बोलबाला झाला होता. मग ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक लोकांवर ‘टाइम’ नावाची मोठी चाचणी झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला : सकाळी घ्या की रात्री, अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू यांत फरक नाही. ॲम्लोडिपिन तर इतकी सावकाश उतरते की तिचा अंमल २४ तासांहून जास्त टिकतो. तेव्हा वेळेच्या भानगडीत पडू नका, खाडा होऊ देऊ नका. नाइटच्या आठवड्यात सकाळी येऊन ते थेट आडवे होतात आणि गोळी तशीच राहते, असं होतंय का ते बघा. माझ्याकडे येणाऱ्या दहा शिफ्टवाल्यांत सहा-सात जणांचं हेच होतं. गोळी जेवणाच्या डब्याबरोबर बांधा, नाहीतर दात घासायच्या ब्रशजवळ ठेवा.

बीपी मोजण्याचंही एक सांगते. निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के खाली येतं आणि नसांना तेवढीच विश्रांती मिळते. काहींचं येत नाही. दवाखान्यात दुपारी मोजून हे कळणार नाही. २४ तास दंडाला लावायचं एक यंत्र मिळतं, दर वीस-तीस मिनिटांनी ते आपोआप फुगून नोंद करतं. डॉक्टरांना विचारून मिस्टर नाइटला असताना ते एकदा लावून घ्या, आणि किती वाजता झोपले, किती वाजता उठले ते कागदावर लिहून द्या. नाहीतर यंत्र रात्र म्हणजे झोप असंच धरून चालेल आणि रिपोर्ट चुकीचा निघेल.

जेवण हा मला सगळ्यात हाताशी असलेला उपाय वाटतो. २००९ मध्ये बॉस्टनमध्ये दहा निरोगी माणसांना काही दिवस २८ तासांच्या दिवसावर ठेवलं होतं. त्यांची झोप-जेवणं उलट्या वेळी पडू लागली, तसं बीपी चढलं, साखर चढली आणि काहींची साखर तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी झाली. अवघ्या काही दिवसांत! त्यानंतरच्या प्रयोगांत असं दिसलं की काम रात्री केलं तरी खाणं दिवसाउजेडी ठेवलं, तर साखरेचं हे बिघडणं बरंच टळतं. म्हणजे रात्री दोनला कँटीनमधला भात-भाजी-पोळी, वर वडापाव आणि तीन कप गोड चहा, हे यकृताला आणि हृदयाला भर मध्यरात्री ‘सकाळ झाली’ असं सांगणं आहे. घरून निघताना पोटभर भाकरी-भाजी-आमटी जेवू घाला. रात्री अगदी भूक लागली तर मूठभर फुटाणे, ताक, एखादा पेरू. चहा रात्री एक-दीड वाजेपर्यंत, पुढे नाही. सकाळी आल्यावर हलका नाश्ता आणि मग झोप. साखरेच्या तपासणीत काही निघालं आणि त्याची गोळी सुरू झाली, तर मात्र रात्रीचं खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.

तंबाखूबद्दल मी गोड बोलणार नाही. तुम्ही जीन्सबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि तंबाखूबद्दल एकच. हे उलट हवं होतं. ४४ व्या वर्षी, बीपी असताना, वडिलांचा असा इतिहास असताना, मळलेली प्रत्येक चिमूट नस आवळते आणि ठोके वाढवते. नाइटच्या जागरणाला तिची सवय लागली आहे, म्हणून नुसतं ‘सोडा’ म्हणून सुटणार नाही. जाण्याआधी संध्याकाळी तासभर झोप काढली की रात्री तीनची डुलकी बरीच हटते आणि हात पुडीकडे कमी जातो. निकोटिनचे च्युइंगम मिळतात, पण बीपी असल्याने ते डॉक्टरांना विचारूनच.

नोकरी सोडायला सांगू नका, निदान भीतीपोटी तरी नाही. अमेरिकेतल्या सुमारे १,८९,००० नर्सेसचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांनी दहा वर्षं किंवा अधिक फिरत्या रातपाळ्या केल्या, त्यांना हृदयविकाराचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि रातपाळी सुटल्यावर जसजशी वर्षं गेली तसतसा तो उतरत गेला. हा धोका खरा आहे, पण बिडी-सिगारेट अटॅकची शक्यता तिपटीच्या घरात नेते, त्यापुढे बघा. हप्ते थकले, मुलीचं वर्ष अडचणीत आलं तर त्या काळजीनेही बीपी चढेलच. त्यापेक्षा मिस्टरांनी कारखान्याच्या डॉक्टरांना भेटून बीपीची आणि वडिलांची नोंद फाइलला लावावी आणि जनरल शिफ्टची जागा निघाली तर आपलं नाव पुढे राहील असं बघावं. पाळ्यांचा क्रम फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट असा पुढे सरकणारा आहे ना, हेही विचारा. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांहून जराशा जास्त लयीचं असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. उलटा क्रम असेल तर युनियनमार्फत बोलता येईल. त्यात कंपनीचा खर्च काही नाही.

आता माझ्या घरचं. माझे वडील परळच्या एका गिरणीत रातपाळीला होते. चाळीतली एक खोली, आम्ही तीन भावंडं. ते सकाळी आले की आई खिडकीला गोधडी टांगायची, दाराच्या फटीला जुनं लुगडं लावायची आणि आम्हाला दुपारपर्यंत गॅलरीत काढायची. कोणी भांडं आपटलं तर तिचे डोळे बघावे लागायचे. पण ते जेमतेम चार तास झोपायचे, उठून बिडी ओढायचे. एका सकाळी पाळीवरून आले ते जबडा दुखतोय, डावा हात जड झालाय म्हणत. पित्त झालं असेल म्हणून आईने सोडा दिला. शेजारच्यांनीही पित्तच म्हटलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत तीन तास गेले. ते वाचले, पण पुढे चाळीचा जिना एका दमात कधी चढू शकले नाहीत. त्या तीन तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो परत आला नाही.

म्हणून हे तुमच्या फ्रिजवर चिकटवा : छातीत दडपण, जबडा-खांदा-हात दुखणं, विनाकारण दरदरून घाम, श्वास लागणं, यांतलं काहीही पाच मिनिटांत गेलं नाही, तर ते गॅस समजायचं नाही. १०८ ला फोन करायचा. मिस्टरांनी स्वतः गाडी चालवत जायचं नाही. तपासण्यांत काही निघालं नाही तर डॉक्टर परत पाठवतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मिस्टरांबरोबर लाइनवर असणाऱ्या दोघा-तिघांनाही हे माहीत असू द्या.

आणि झोपेची खोली नीट करा. सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन कमी पडेल असं बघा. कंपनीच्या बसमध्ये गडद गॉगल चालेल, बाइकवर झोपाळलेल्या डोळ्यांनी नको. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काही पेशी बघण्यासाठी नसतातच, उजेड आहे की नाही एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, आणि मिटल्या पापणीतूनही थोडा उजेड आत जातो. मोबाईल दुसऱ्या खोलीत. दाराची बेल बंद. मुलीचा अभ्यास त्या वेळात शेजारी किंवा वाचनालयात होत असेल तर बरं. पडद्याचं कापड जाड, गडद घ्या, आत अस्तर लावा, आणि खिडकीच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त शिवा. उजेड येतो तो कडेच्या फटीतून.